लस सक्तीची करायची का, हे ठरवण्याआधी खाड्याची वही उघडा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्यातलं बरंचसं माझ्याही अंगावरून गेलेलं आहे.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गुहागर तालुक्यात तुमचा पंचवीस आजी-आजोबांचा वृद्धाश्रम आहे. सांभाळायला नऊ मावश्या आणि दोन दादा. पुन्हा करोनासारखी साथ आली तर काय करायचं याची लेखी नियमावली करायला विश्वस्त बसले आहेत आणि तिथेच गाडी अडली आहे. निम्मे म्हणतात, ‘लस नाही तर नोकरी नाही’ असं सरळ लिहून टाका. उरलेले म्हणतात, दुसऱ्याच्या दंडात सुई टोचायचा आपल्याला अधिकार नाही. भेटायला येणाऱ्यांना किती अडवायचं यावरही एकमत नाही. आणि मागच्या वेळी लस न घेतल्याबद्दल तुम्ही एका मावशींना कमी केलंत, ते तुमच्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी मूळची परिचारिका. गेली सतरा वर्षं दापोली तालुक्यात समुद्राजवळच्या एका वृद्धाश्रमाचं व्यवस्थापन बघते. करोनाची दोन वर्षं तिथेच राहून काढली. खाली लिहिते ते त्या दोन वर्षांतलं आहे, त्यात माझ्या चुकाही आहेत.

वाद लसीवरून चालला असला तरी त्याच्या तळाशी मला दुसरा प्रश्न दिसतो. बाहेरचा आजार आत कोण आणतं, आणि आपल्याला बरं नाही हे सांगायला ती व्यक्ती का घाबरते? याचं उत्तर नियमावलीत नसेल, तर लसीचं कलम कसंही लिहा, फार फरक पडणार नाही.

काही गोष्टी मात्र तुमच्या तुम्हालाच बघाव्या लागतील, त्या इथून मी सांगू शकत नाही. तुमच्याकडे वेगळ्या खोल्या आहेत की एकाच हॉलमध्ये दहा खाटा? एक मावशी आली नाही तर तिच्या जागी उभं राहायला कुणी आहे का? ऑक्सिजनची सोय असलेलं रुग्णालय किती लांब, आणि जुलैच्या पावसात तो रस्ता चालू असतो का? शिवाय आजार कोणता यावरही बरंच अवलंबून आहे. गोवराची लस घेतलेल्याला सहसा गोवर होत नाही आणि तो दुसऱ्यालाही देत नाही. करोनाच्या लसीचं तसं नव्हतं. तिने मरण आणि ऑक्सिजनची वेळ मोठ्या प्रमाणावर टाळली, पण संसर्ग अडवायची तिची ताकद काही महिन्यांत उतरायची. २०२१ च्या सुरुवातीला सक्तीच्या बाजूने जेवढं बोलता येत होतं, तेवढं करोनाचा ओमायक्रॉन हा नवा प्रकार आल्यावर राहिलं नाही. म्हणून ‘साथ आली की लस सक्तीची’ असं एका ओळीत कायमचं लिहून ठेवू नका.

आता आजार आत कसा येतो ते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात कर्कलंड नावाचं शहर आहे. तिथल्या एका शुश्रूषागृहात २०२० च्या फेब्रुवारीअखेरीस साथ पसरली आणि पुष्कळ वृद्ध गेले. मार्चमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा अहवाल आला. साथ पसरायला जी कारणं त्यात दिली होती, त्यातली दोन मला आजही पाठ आहेत: कर्मचारी अंगावर लक्षणं असताना कामावर आले, आणि काहीजण एकापेक्षा जास्त ठिकाणी कामाला होते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हे ओळखून त्याच मार्चमध्ये हुकूम काढला, की एका माणसाने एकाच वृद्धाश्रमात काम करायचं. पगारातली तूट सरकारने भरली.

आपल्याकडे काय वेगळं आहे? सकाळची पाळी आमच्याकडे, दुपारी गावातल्या एखाद्या अंथरुणावरच्या म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालायला, आणि एप्रिल-मे आला की संध्याकाळी आंब्याच्या पेट्या भरायला. आमच्या निम्म्या मावश्यांचा दिवस असाच असायचा. हौसेने कुणी तीन ठिकाणी राबत नाही. महिना सात हजारांत घर चालत नाही, म्हणून राबतं.

सप्टेंबर २०२० मधली गोष्ट सांगते. त्या वर्षी गणपती २२ ऑगस्टला होते. चाकरमान्यांना गावी आल्यावर दहा दिवस घरीच वेगळं राहायचं होतं आणि १२ ऑगस्टनंतर येणाऱ्यांना तपासणीचं बंधन होतं. बहुतेकांनी ते पाळलंही. पण एका घरात दोनच खोल्या आणि सात माणसं असली, तर वेगळं राहायचं कुठे? आमच्या एका मावशींच्या घरी मुंबईहून दीर आले होते. गणपती गेल्यावर मावशींना कणकण वाटू लागली. पहाटे पाचला त्यांनी क्रोसिनची गोळी घेतली आणि सातला फाटकावर आल्या. तिथे मी स्वतः हातात तापमापक घेऊन उभी होते. काटा साधारण दाखवत होता. मी त्यांना आत सोडलं.

पुढे काय झालं ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्या लोकांनी हे ओळखायला शिकलं पाहिजे. आम्ही तापाची वाट बघत होतो आणि ताप कुणालाच आला नाही. एका आजींनी दोन दिवस पेज बाजूला सारली. आम्हाला वाटलं, रुसल्या आहेत. एक आजोबा, जे रोज काठी टेकत स्वतः संडासला जायचे, रात्री दाराशी पडले. तिसरे दिवसभर झोपून राहिले आणि संध्याकाळी मला ‘आई’ म्हणून हाक मारली. पाचव्या दिवशी बोटाला ऑक्सिमीटर लावला तेव्हा आकडा ८४ होता, आणि ते शांतपणे बोलत होते. ऐंशीच्या पुढच्या शरीरात आजार असाच येतो. खाणं सुटतं, तोल जातो, बोलणं भरकटतं, सुस्ती येते. ताप आला तर शेवटी. त्या महिन्यात आमची तीन माणसं गेली.

त्या मावशींनी गोळीचं मला पुढे नोव्हेंबरात सांगितलं, भांडी घासायच्या मोरीपाशी उभं राहून. मी विचारलं, “का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या, “सिस्टर, ऑगस्टात तीन खाडे झाले होते. चौथा पडला असता तर भिशीचा हप्ता कुठून भरला असता?”

मी खाड्याची वही काढून बघितली. प्रत्येक खाड्यापुढे लाल शाईने कापलेली रक्कम लिहिलेली होती, दिवसाचे दोनशे तेहतीस रुपये. अक्षर माझं होतं. ताप लपवायला त्यांना मीच शिकवलं होतं, दर महिन्याला, लाल शाईने.

म्हणून तुमच्या नियमावलीचं पहिलं कलम मी असं लिहीन: ताप, खोकला, जुलाब, अंगदुखी यांपैकी काहीही असेल तर घरी राहा, पूर्ण पगार मिळेल, पहिल्या तीन दिवसांसाठी डॉक्टरची चिठ्ठी मागितली जाणार नाही. विश्वस्त खर्च विचारतील. अकरा माणसं, प्रत्येकी वर्षाला सात दिवस, दिवसाचे तीनशे धरले तर तेवीस हजार शंभर रुपये होतात. एका आजोबांना खासगी रुग्णालयात चार दिवस ठेवावं लागलं, तरी बिल त्याच्या वर जातं. लोक गैरफायदा घेतील, हे आमच्याही बैठकीत बोललं गेलं. एखाद-दुसऱ्या वेळी कुणी घेतलाही असेल. पण आता कणकण वाटली की रात्रीच फोन येतो, “सिस्टर, उद्या बदली बघा.” त्या एका फोनसाठी मी तेवीस हजारांच्या दुप्पट द्यायला तयार आहे.

आता लस. आपल्याकडे १६ जानेवारी २०२१ ला आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली. १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे आणि १ मेपासून अठरा वर्षांवरचे सगळे. आमच्या आजी-आजोबांना मार्च-एप्रिलमध्ये पहिला डोस मिळाला. पण आमच्या बहुतेक मावश्या तीस ते बेचाळीस वयाच्या. त्यांना मेपर्यंत थांबावं लागलं आणि मे उजाडला तेव्हा कोविन या लसनोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर जागा मिळेना. शहरातली मंडळी गाड्या घेऊन गावच्या केंद्रांवर येत होती आणि इथल्या बाईच्या हातात साधा फोन. लस हाताशी नसताना ती सक्तीची केली असती, तर शिक्षा कुणाला झाली असती?

जून-जुलैमध्ये लस मिळू लागली, तेव्हा आमच्या बारा जणींपैकी पाच जणींनी नको म्हटलं. मी एकेकीला वेगळं बसवून विचारलं, काय वाटतंय? पाच जणींची पाच कारणं निघाली. एकीचं बाळ अंगावर पीत होतं. आधी स्तनदा मातांना लस नाही असं सांगितलं गेलं होतं आणि १९ मेला केंद्राने परवानगी दिली. ती म्हणाली, “काल धोका होता तो आज कसा गेला?” प्रश्न रास्त होता. दुसरीला दोन डोसांमधल्या अंतराने बुचकळ्यात टाकलं होतं. कोविशिल्डचं अंतर आधी चार ते सहा आठवडे होतं, मार्चमध्ये आठ आठवड्यांपर्यंत वाढलं, मेमध्ये बारा ते सोळा झालं. लस कमी पडतेय म्हणून हे करतात, असं तिच्या वाडीत सगळे बोलत होते. तिसरीला पूर्वी एका इंजेक्शनने जबरदस्त रिअ‍ॅक्शन आली होती. तो धोका खरा होता, तिला डॉक्टरांनीच थांबायला सांगितलं. चौथी म्हणाली, “लशीने दोन दिवस ताप येतो म्हणतात, म्हणजे दोन खाडे.” पुन्हा तीच वही. पाचवी काही बोललीच नाही. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

आम्ही केलं ते असं. लस घेतल्यावर दोन दिवस भरपगारी सुट्टी जाहीर केली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना विनंती केली, त्या एका दुपारी येऊन आमच्या पडवीत दोन तास बसल्या. मावश्यांबरोबर त्यांच्या सासूबाई आणि नवऱ्यांनाही बोलावलं होतं, कारण निर्णय पुष्कळदा घरात होतो. बाळाला अंगावर पाजणाऱ्या मावशीला डॉक्टरबाई म्हणाल्या, की आधी अशा आयांवर चाचण्या झालेल्या नव्हत्या म्हणून नाही म्हटलं होतं. मग जगभरातली माहिती आली, तेव्हा हो म्हटलं. म्हणजे ‘माहीत नव्हतं’ हे त्यांनी सरळ कबूल केलं. त्या वाक्यानंतर बैठकीचा रंग बदलला, हे मी डोळ्यांनी बघितलं. लसीच्या दिवशी रिक्षाने मी प्रत्येकीबरोबर गेले आणि नंतरचा अर्धा तास बाकावर शेजारी बसले. डॉक्टरांनी थांबवलेली एक सोडली, तर बाकीच्या चारपैकी तिघींनी गणपतीच्या आत लस घेतली. कुणी धमकी दिली नव्हती.

उरली ती पाचवी. इथे मी चुकले.

तेव्हा सक्तीच्या बाजूने जो मुद्दा मांडला गेला तो हलका नव्हता, आजही मी तो हलका मानत नाही. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कुणी हात लावावा हे त्या ठरवू शकत नाहीत. त्या उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाहीत. म्हातारपणी शरीर लसीलाही कमी प्रतिसाद देतं, म्हणून त्यांचा स्वतःचा डोस पुरेलच असं नाही. मग ज्या हातांनी त्यांना भरवलं जातं, त्या हातांवर जास्तीची जबाबदारी येते. एका आजींच्या मुलाने मला फोनवर विचारलं, “माझ्या आईला हात लावणाऱ्या बाईने लस घेतली आहे का, हे विचारायचा मला हक्क नाही?” हक्क आहे. मी त्यांना खरं ते सांगितलं. विश्वस्तांनी ऑक्टोबरअखेरची मुदत ठरवली, नोटीस निघाली, खाली सही माझी. दिवाळीनंतर त्या पाचव्या मावशी यायच्या बंद झाल्या.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हाच प्रयोग देशभर चालू होता. ११ नोव्हेंबर २०२१ पासून तिथे वृद्धाश्रमात काम करायला दोन्ही डोस बंधनकारक झाले. सुमारे चाळीस हजार माणसं कामाबाहेर जातील, असा त्यांच्या सरकारचाच अंदाज होता. माणसांची चणचण आधीच होती. चार महिने झाले आणि १५ मार्च २०२२ ला तो नियम रद्द केला गेला, कारण ओमायक्रॉनने गणित बदललं होतं. रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिलपासून यायचा तसाच नियम लागू व्हायच्या आधीच मागे घेतला. फ्रान्सने सप्टेंबर २०२१ मध्ये लस न घेतलेल्या आरोग्य आणि वृद्धसेवा कर्मचाऱ्यांना बिनपगारी निलंबित केलं. त्यांना परतायची वाट मिळाली ती मे २०२३ मध्ये. नियमाने लस घेणाऱ्यांचा आकडा वाढला, हे दोन्हीकडे खरं आहे. पण गेलेली माणसं सगळी परत आली नाहीत आणि त्यांच्या हातातलं काम कागदावर उतरवता येत नाही.

आमच्याकडे ते काम म्हणजे एका आजींना भरवणं. पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली होती. त्यांना पाठीला उशा लावून ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, चमचा उजव्या गालाकडून आत द्यायचा, अर्धाच भरलेला. मग थांबायचं. गिळताना गळा हलकेच वर उचललेला दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. त्या मावशी हे सगळं करत आणि प्रत्येक घोटाला हळूच म्हणत, “गिळा हां आये, घाई नाही.” एक वाटी पेजेला पाऊण तास लागायचा. त्यांच्या जागी आलेली मुलगी चांगली होती, लसवंत होती, आणि तिच्याकडे आणखी पाच जण भरवायचे होते. डिसेंबरमध्ये आजींच्या छातीत पेज गेली आणि न्यूमोनिया झाला. अकरा दिवस रुग्णालयात काढून त्या परत आल्या, पण पुन्हा खुर्चीत बसल्या नाहीत. करोना त्यांना झालाच नव्हता.

संक्रांतीनंतर मी त्या मावशींच्या घरी गेले. खळ्यात सुपारी वाळत होती. त्यांनी पाणी दिलं, गूळ दिला, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सिस्टर, मी आजींना इजा करायला येत होते काय?” कारण तेव्हा कळलं. त्यांच्या बहिणीचा नवरा लस घेतल्यावर सहाव्या दिवशी शेतात कोसळून गेला होता. वय चव्वेचाळीस. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा झटका. लसीशी त्याचा संबंध होता असं मला वाटत नाही, लाखो लोक लस घेतात तेव्हा त्यातल्या काहींना त्याच आठवड्यात झटका येणारच. पण हे गणित त्या खळ्यात मी बोलले नाही. बोलायची वेळ जूनमध्ये होती. तेव्हा त्या गप्प राहिल्या आणि मी वहीत ‘कारण नाही’ असं लिहून पुढे गेले होते.

त्या मावशी फेब्रुवारीत कामावर परत आल्या, आधी धुण्याच्या आणि बागेच्या कामावर. राज्याने १ एप्रिल २०२२ पासून निर्बंध उठवले, तेव्हा आजींच्या खाटेपाशी. लस त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाही. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

त्याच जानेवारीत ओमायक्रॉन आमच्याकडेही आला. कामावरच्या सगळ्यांचे दोन डोस झालेले, ती रिअ‍ॅक्शनवाली एक सोडून, तरी चौघी पॉझिटिव्ह झाल्या. फरक एवढाच होता की चौघींनी पहिल्याच दिवशी फोन करून सांगितलं. आजी-आजोबांपैकी सहा जणांना सर्दी-खोकला झाला. रुग्णालयात कुणालाच न्यावं लागलं नाही. त्यांच्या दंडातल्या दोन डोसांनी निम्मं काम केलं, असं मी मानते. उरलेलं निम्मं त्या चार फोनांनी केलं.

कायद्याचं थोडक्यात. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि बी. आर. गवई यांच्या खंडपीठाने, सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस देता येत नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात येतो. त्याच निकालात हेही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी निर्बंध घालता येतात, पण ते परिस्थितीच्या प्रमाणात हवेत. त्या वेळी संसर्ग कमी होता, म्हणून लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले, आणि खासगी संस्थांनीही आपले आदेश पुन्हा तपासावेत असं न्यायालयाने सुचवलं. तुमच्या मंडळातल्या दोन्ही बाजूंना यात आपलं वाक्य सापडेल. निकाल पूर्ण वाचा, आणि नोटीस काढायची वेळ आलीच तर आधी वकिलाला दाखवा.

मग मी आज काय लिहीन? नवीन माणूस घेताना, मुलाखतीतच, कोणत्या लसी अपेक्षित आहेत ते सांगेन. सुया हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी, आणि सगळ्यांना दरवर्षी फ्लूची, संस्थेच्या खर्चाने. फ्लूची लस पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये द्या, कारण आपल्याकडे फ्लू पावसात वाढतो. आधीपासून असलेल्या माणसाला साथीत लस नको असेल तर तिला आजी-आजोबांच्या थेट संपर्कातून काढून स्वयंपाक, धुणं, बाग असं काम द्यायचं, पगार तोच ठेवायचा, आणि हा बदल दर महिन्याला पुन्हा तपासायचा. तुमच्याकडे अकराच माणसं आहेत. तिघी-चौघींनी एकदम नाही म्हटलं तर ही व्यवस्था कोलमडेल, हे मान्य. तेव्हा सक्तीचा विचार करावा लागेलही. पण त्याआधी प्रत्येकीशी एकटीने बोलणं झालेलं असलं पाहिजे, आणि ‘कारण नाही’ हा शेरा वहीत चालणार नाही.

आता भेटीगाठींची बंदी. मार्च २०२० मध्ये आम्ही फाटकाला कुलूप लावलं, आणि पहिले दोन-तीन महिने ते बरोबर होतं असं मी आजही म्हणेन. स्वॅब मिरजेला जायचे, अहवाल यायला दिवस लागायचे, लस नव्हती. चूक झाली ती कुलूप वर्षभर तसंच ठेवण्यात. एका आजोबांच्या पत्नी बारा किलोमीटरवरून येऊन खिडकीच्या गजांबाहेर उभ्या राहत. आजोबांना ऐकू कमी यायचं, ते ओठ बघून समजून घेत. मास्कमुळे ओठ दिसेनात. तिसऱ्या भेटीनंतर त्यांनी मला विचारलं, “ती माझ्यावर रागावली आहे का?” त्यानंतर त्यांनी दाढी करून घेणं सोडलं आणि जेवण निम्म्यावर आलं. इंग्लंडने ८ मार्च २०२१ पासून प्रत्येकासाठी एक ठरलेली व्यक्ती आत येऊ दिली. आम्ही ते खूप उशिरा केलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा: प्रत्येक आजी-आजोबांसाठी एक ठरलेलं माणूस, मोकळ्या पडवीत, ठरलेल्या वेळी, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी पारदर्शक मुखपट्टी. मरणाच्या दारातल्या माणसाला भेटायला कोणतीही बंदी आड येऊ देऊ नका.

आणि आपल्या किनाऱ्यावर एक कलम जास्तीचं लागतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ आदळलं आणि दापोली-मंडणगडलाही झोडपून गेलं. दुपारी शेजारच्या वाडीतली कौलं उडाली आणि भिजलेली वीस-बावीस माणसं, पोरंबाळं घेऊन, आमच्या कुलूप लावलेल्या फाटकाशी आली. नियम म्हणत होता, बाहेरचं कुणी आत नाही. आम्ही फाटक उघडलं. त्यांना पुढच्या जेवणाच्या खोलीत ठेवलं, आजी-आजोबांना मागच्या खोल्यांत, संडास वेगळे ठरवले, वारा पडल्यावर सगळ्या खिडक्या उघडल्या. त्यातून कुणाला आजार झाला नाही. पण हे सगळं त्या गडबडीत सुचलं, आधी ठरलेलं नव्हतं. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती, फोन नव्हते, ऑक्सिजनचं यंत्र शोभेचं झालं. तुमच्या इमारतीचा कोणता भाग वादळात बाहेरच्यांना द्यायचा, हे आजच नकाशावर खूण करून ठेवा. सिलिंडर किती, हेही.

राहिल्या तुमच्या कमी केलेल्या मावशी. त्यांना परत बोलवावं का, असं तुम्ही शेवटी विचारलं आहे. बोलवा. चिठ्ठी पाठवू नका, फोनही नको. ज्यांची नोटिशीवर सही होती त्यांनीच त्यांच्या घरी जावं, विश्वस्तांपैकी एकाने बरोबर असावं. जाण्याआधी त्या वर्षाची वही काढा. नोटिशीच्या महिन्यात त्यांचे किती दिवसांचे पैसे कापले ते बघा, आणि ती रक्कम पाकिटात घालून बरोबर न्या. आधी ते पाकीट द्या, कामाचं त्यानंतर बोला. त्या कदाचित नाही म्हणतील. तरी पाकीट ठेवून या.